ठकूआक्काचा बोकडकांदा

फार वर्षं झाली या गोष्टीला. इतकी, की तेव्हा कारवंडीच्या डोंगरावर वाघ भरदिवसा फिरायचा आणि माणसंच बाजूला होऊन त्याला वाट द्यायची. पोरं बसलीत का ऐकायला? बसू देत. ज्याला कळायचं त्याला आत्ता कळेल, नाही त्याला लग्न झाल्यावर कळेल. बाप्यांनी मात्र मधूनच उठायचं नाही. जो उठेल त्याच्याकडं बघून आम्ही बायका हसणार, आणि का हसलो ते सांगणार नाही.

कारवंडी गाव डोंगराच्या पायाशी. मधून ओढा. ओढ्याच्या वरच्या अंगाला वरली आळी, खालच्या अंगाला खालली आळी. आणि दोन्ही आळ्यांच्या बाहेर, जाखाईच्या देवळामागं, एका खोपटात राहायची ठकूआक्का. ती, तिची शेरडं आणि तिचा दाढीवाला बोकड.

ठकू याच गावची लेक. घाटाखाली दिली होती. चार पावसाळे गेले, पाळणा हलेना, तर सासरच्यांनी तिच्या पायातली जोडवी काढून घेतली आणि तिला माहेरच्या वाटेला लावलं. त्या नवऱ्यानं मग दुसरी केली, तिसरी केली. पाळणा काही हलला नाही. पण नाव गेलं ते ठकूचं. तेव्हा सगळ्या मुलखात रीतच तशी होती. मूल झालं नाही की जोडवी बाईची निघायची. बाप्याच्या अंगावरनं काही निघायचं नाही, त्याचं मुंडासं जागच्या जागी.

ठकू रडत बसली नाही. शेरडं पाळली, आणि शेरडं खातील त्या पाल्यावर ध्यान ठेवून ती औषध शिकली. शेरडाला जुलाब झाले की ते काय हुडकतं, विंचू डसला की काय चघळतं, सगळं तिला ठावं.

तर तिचा तो बोकड म्हातारा झाला. शेरड्या समोरनं नटूनथटून गेल्या तरी हा आपला डोळे मिटून रवंथ करत बसायचा. ठकू एकदा वैतागून म्हणाली, "मेल्या, तुझा आता काय उपेग? खाटकालाच देते तुला."

असं म्हणतात, बोकडाला ते कळलं. तो उठला, ठकूकडं एकदा बघितलं आणि सरळ डोंगर चढायला लागला. ठकू मागं. जिथं माकडाचा पाय टिकत नाही अशा कपारीत तो गेला, पुढच्या पायांनी माती उकरली, मुठीएवढा कांदा बाहेर काढला आणि कचाकचा खाल्ला. चढताना म्हातारा होता, उतरताना कड्यावरनं उड्या मारत आला. त्या साली ठकूच्या सगळ्या शेरड्या गाभण राहिल्या. खालल्या आळीच्यापण राहिल्या. वाघिणीचं काय झालं ते कुणी विचारायला गेलं नाही.

तोच बोकडकांदा.

ठकूनं तो सावलीत वाळवला, कुटला, सुंठ आणि गूळ घालून काढा केला. आणि गावात कुणी न सांगता सगळ्यांना कळलं. मग बाप्ये यायला लागले. देवळात पाया पडायला म्हणून यायचे आणि मागच्या वाटेनं खोपटापाशी निघायचे.

"आक्का, जरा बैलासाठी पायजे होता तो काढा."

"कुठल्या बैलासाठी रं? तांबड्या का धोतरातल्या?"

तो खाली मान घालायचा. ठकू ओगराळं भरून द्यायची. त्या काळात कारवंडीच्या बैलांना फार दुखणी, असं म्हणतात. ज्याच्याकडं बैल नव्हता, त्याचापण बैल आजारी असायचा.

गुण यायचा का? यायचा तर. पण गंमत बघा. दाढेचं औषध दिलं तर माणूस चार गावांत सांगत सुटतो, तोंड उघडून दाढ दाखवतो. या औषधाचं कोण सांगणार? 'गुण आला' म्हणायचं, तर आधी 'गरज होती' म्हणावं लागतं. त्यामुळं कारवंडीत काढा सगळ्यांनी प्यालेला आणि कुणीच प्यालेला नाही. चावडीवर विषय निघाला की ज्यानं सकाळी वाटी चाटून पुसून ठेवली, तोच सगळ्यात आधी म्हणायचा, "त्या येडीच्या पाल्यात काय राम हाय?"

ठकू हसायची. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटलं ते येसूच्या वेळेला.

येसू म्हणजे वरल्या आळीच्या तुळाजी पाटलाची सून. पाटलाचा मुलगा जोत्याजी तालमीतला गडी. जाखाईपुढचा गोटा तो एका हातानं उचलायचा. अंगात जोर मायंदाळ, पण जोरानं जिथं जायला पाहिजे तिथं तो जात नव्हता. हे येसूला माहीत होतं आणि त्याला माहीत होतं. येसू बोलली नाही, कारण नवऱ्याची अब्रू. तो बोलला नाही, कारण स्वतःची. आणि बिनबोलता वर्षं निघून गेली.

एक दिवस ठकू ओढ्यावर शेरडांना पाणी पाजत होती. येसू दगडावर बसून पायाच्या बोटाला तेल चोळत होती.

"काय गं, काटा मोडला का?"

"न्हाई आक्का. जोडवी रुतल्यात. निघत न्हाईत. म्हणलं आत्ताच सैल करून ठेवावीत. सगळ्या गावादेखत मामंजींना वढावी लागली तर बरं दिसायचं न्हाई."

"कोण काढतंय तुझी जोडवी?"

"पुनवेला. दुसरी पोरगी बघून ठेवलीया."

असं म्हणून ती पोर तेल चोळत राहिली. ठकूनं तिच्या पायाकडं बघितलं. तिला स्वतःचे पाय आठवले. त्या बोटांवरचे पांढरे वळ अजून गेले नव्हते. ती तशीच उठली, शेरडं ओढ्यात सोडली आणि पारावर गेली.

पारावर तुळाजी पाटील बसलेले. मिशी अशी, की टोकाला लिंबू ठेवावं. शेजारी पाच-सहा जाणती माणसं, आणि खांबाला टेकून जोत्याजी उभा. डोळे भुईला.

"पाटील, येसूची जोडवी काढायची न्हाईत," ठकू म्हणाली.

"ठके, तुझी शेरडं कुणाच्या रानात गेली ते बघ जा."

"शेरडं रानात गेली तर पाला जाईल. हितं पोरीचा जलम जातुया. दोष तिच्यात हाय हे कुणी बघितलं?"

पाटील मिशीवरचा हात काढायचा विसरले. "म्हंजी? दोष आमच्यात?"

"मी तसं म्हणलं न्हाई. मी म्हणते, माझा काढा आधी पाजा. मग ठरवा."

"तुझा काढा!" पाटील हसले. त्यांच्यामागं सगळी जाणती माणसं हसली. त्यातली निम्मी ठकूची जुनी गिऱ्हाइकं. "विचार की हितं. कुणाला गुण आला त्यानं पुढं यावं."

कोण येतंय? एक जण वडाची पानं मोजायला लागला, एकाला खोकला आला. ठकूनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. मनात आणलं असतं तर एका दमात सगळा पार रिकामा झाला असता. पण औषध देणाऱ्यानं रोग्याचं नाव घ्यायचं नाही, हा तिचा नेम. त्या दिवशी तो नेम तिला फार महाग वाटला, असं म्हणतात. तरी तिनं पाळला.

ती म्हणाली, "माणसाची साक्ष नको. दुसरी साक्ष आणते. गावातल्या सगळ्या बाप्यांनी प्यायचं, म्हंजी कुणाला लाज न्हाई. आवस ते पुनव, रोज दिवेलागणीला."

"गूळ-सुंठ पोटात गेली की माणसाला असंच बरं वाटतं," पाटील म्हणाले. ते काही येडे नव्हते. "तुझ्या कांद्याचा गुण कसा कळणार?"

"मग दोन रांजण करते. एकात कांदा, एकात नुसता गूळ-सुंठ. एक रांजण एका आळीला, दुसरा दुसऱ्या आळीला. चव एक, रंग एक."

"आणि कांद्याचा रांजण तू आमच्या आळीला देणार, व्हय?"

"मला पण कळायचं न्हाई. कांद्याच्या रांजणाच्या तळाला आतनं शेंदराचं बोट लावते. तुमच्या पाटलीणबाईंनी मी न बघता रांजण हिकडचे तिकडं करावेत. पुनवेला रिकामे झाले की तळ बघू."

पाटलांनी मिशी पिरगाळली. "आणि गुण न्हाई दिसला तर?"

"तर येसूची जोडवी काढा, आणि मी शेरडं घिऊन डोंगरापलीकडं जाते. पुन्यांदा कारवंडीचं तोंड बघायची न्हाई."

"आणि साक्ष कुणाची?"

"ती पुनवेला सांगते. माझे साक्षीदार खोटं बोलत न्हाईत. त्यास्नी तोंडच न्हाई."

ठरलं. आवसेला देवळात दोन रांजण मांडले, अगदी जुळी भावंडं. ठकू डोळ्याला पदर बांधून बाहेर बसली आणि आत पाटलीणबाईंनी रांजणांची अदलाबदल केली. पाटलीणबाई म्हणजे पाटलांच्या वरताण. सून पसंत होती त्यांना, पण कारभाऱ्यापुढं बोलता येत नव्हतं. असं म्हणतात, रांजण हलवताना त्यांनी झाकणाला नाक लावून बघितलं. असंही म्हणतात, की त्यांना त्या दिवशी पडसं होतं. खरं काय ते जाखाईला ठाऊक.

मग काय, रोज दिवेलागणीला दोन रांगा. आणि तोंडं बघावीत एकेकाची! जणू देवाचं तीर्थ घ्यायला आलेत. म्हातारा गुरव, दात नाहीत, पण तोपण रांगेत. "आज्या, तुम्ही कशाला?" "गावाचा नेम हाय बाबा, मोडून कसं चालंल?" आणि वाटी दोनदा पुढं करायचा. पाटील स्वतः सगळ्यांत पुढं. जोत्याजी सगळ्यात मागं. काढा घेताना वाटी दोन्ही हातांनी धरायचा. गोटा एका हातानं उचलणारा गडी. ठकू त्याच्या वाटीत तेवढाच काढा ओतायची जेवढा बाकीच्यांच्या, थेंब जास्त नाही. पण ओतताना तिचे ओठ हलायचे. तिला ठाऊक नव्हतं आपण काय ओततोय. कांदा का नुसता गूळ. खालल्या आळीला कांदा गेला असेल तर कांदा जिंकला आणि येसू हरली. रोज रात्री ती बोकडाजवळ बसून म्हणायची, "तुझ्या जिवावर उडी मारलीया रं बाबा." बोकड रवंथ करायचा.

पुनवेची सकाळ आली. अजून फटफटलं नव्हतं. ठकूनं पाटलांना, पाटलीणबाईंना आणि जाणत्या माणसांना पारावर बोलावून आणलं. ओढ्याच्या काठाला आहे तो पार, दोन्ही आळ्यांच्या मधोमध.

"कुठं हाईत साक्षीदार?" पाटील जांभई देत म्हणाले. फार मोठी जांभई होती, असं म्हणतात.

"गप बसा आणि ऐका," ठकू म्हणाली.

आता तुम्ही गिरणीवर दळण टाकणाऱ्या पोरी, तुम्हाला ठाऊक नाही. तेव्हा घरोघर जातं. कोंबडा आरवायच्या आधी बाई उठायची आणि दळायला बसायची. दळलं नाही तर भाकरी नाही. आजारी असो, पोटुशी असो, सुतक असो, पहाटे जातं घरघरायचंच. आख्खं गाव घरघरायचं, जसं काही डोंगरच घोरतोय.

सगळ्यांनी कान दिले. खालल्या आळीतनं आवाज आला. एक जातं, मग दुसरं, मग सगळी आळी. रोजच्यासारखी. ओव्यापण रोजच्याच, जरा कुरकुरत्या.

आणि वरली आळी?

गप्प.

एक जातं हललं नाही. कोंबडा आरवला, गप्प. पूर्वेला तांबडं फुटलं, गप्प. गुरं हंबरायला लागली, दार उघडेना. पाटलीणबाई सोडल्या तर वरल्या आळीची एकपण बाई उठली नव्हती! जाणत्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. जे वरल्या आळीचे होते त्यांनी मुंडाशी सारखी केली आणि छाती पुढं काढली. जे खालल्या आळीचे होते ते ओढ्याकडं बघत बसले.

"हे माझे साक्षीदार," ठकू म्हणाली. "रात्री ज्या बाईला निजू दिलं न्हाई ती पहाटे उठत न्हाई. जात्याला खोटं बोलता येत न्हाई, पाटील."

एवढ्यात घर्र झालं. वरल्या आळीतनं. एकच जातं.

सगळ्यांनी माना वळवल्या. पाटलांच्या घरातनं येत होता तो आवाज.

ठकू ताडकन उठून उभी राहिली. सगळी आळी निजलेली आणि एवढी एक येसू जात्यावर! म्हणजे औषध सगळ्यांना लागलं आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याला नाही. पाटील हळू उठले. त्यांना काही आनंद झाला नव्हता, असं म्हणतात. पण शब्द तो शब्द.

"ठके, तुझा कांदा खरा. म्या मानलं. पण माझ्या घराचं झालं ते झालं. आता रीतीपरमानं..."

"गप बसा वो," पाटलीणबाई म्हणाल्या.

आख्ख्या जन्मात पहिल्यांदा त्या पाटलांना चारचौघांत गप बसा म्हणाल्या. पाटील बसले.

"ऐका तरी. ह्यो हात येसूचा न्हाई. इतकी वर्सं तिच्या दळणावर माझी झोप मोडतीया. तिचं जातं पाण्यासारखं फिरतं. हे बघा, अडकलं. पुन्हा अडकलं. ह्यो कोण येडा दळतुया?"

सगळे तसेच पाटलांच्या घरी गेले. माजघराच्या दारात जाऊन थांबले. आणि थांबले ते थांबलेच.

जात्यावर जोत्याजी बसला होता. तालमीतला गडी, पाय कसे पसरायचे ते ठाऊक नाही, खुंटा दोन्ही हातांनी धरलेला, जणू बैलाचं शिंग. मिशी पांढरी, भुवया पांढऱ्या, अर्धं पीठ जात्यात आणि अर्धं अंगावर. घामानं निथळत होता. गावचा गोटा उचलणाऱ्याला पायलीभर जोंधळे दळवेनात!

त्या काळात बाप्यानं जात्याला हात लावला असं कुणी ऐकलंपण नव्हतं. पाटील ओरडले, "जोत्या! ह्ये काय करतुयास?"

जोत्याजीनं बोट ओठावर ठेवलं.

"आबा, हळू बोला. ती झोपलीया."

मग तो उठला. पीठ झटकलं नाही. ज्या माणसांनी पारावर तोंड फिरवलं होतं त्या सगळ्यांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाला, "दोष माझ्यात हुता. पयल्यापासनं. तिला ठावं हुतं, तरी ती बोलली न्हाई. जोडवी निघाली असती तरी बोलली नसती. आता मी बोलतुया. ठकूआक्काच्या औषधानं मला गुण आला."

असं म्हणतात, कारवंडीत एवढा जड गोटा आजवर कुणी उचलला नाही.

आणि मग गंमत झाली. मागनं कुणीतरी हळूच म्हणालं, "मलापण आला हुता. पाडव्याच्या सुमाराला." दुसरा म्हणाला, "माझा बैल न्हाईच. म्हंजी बैल मीच." एकेक करून सगळे बोलायला लागले. गुरव तर सारखा मधे मधे यायला लागला, "माझं ऐका, माझं ऐका." त्याचं कुणी ऐकलं नाही.

तुळाजी पाटील उभे होते. थोड्या वेळानं त्यांनी मुंडासं काढलं, खुंटीला अडकवलं आणि लेकाच्या समोर जात्याशी मांडी घालून बसले. खुंट्याला हात घातला. "वैरण घाल," जात्यात मूठभर दाणे टाकायची खूण करत म्हणाले. "एकट्याला व्हायचं न्हाई तुला." बापलेक दळायला लागले.

ते बघून वरल्या आळीचे बाप्ये आपापल्या घरी गेले आणि त्यांनीपण जाती धरली. करतात काय? बायका निजलेल्या, पोटात भूक. अख्खी आळी अशी बेतालात घरघरली, की डोंगरावरचा वाघ उठून पलीकडच्या रानात निघून गेला. तो परत आला नाही, असं म्हणतात. त्या दिवसाचं पीठ इतकं जाडंभरडं, की भाकरी खाताना कटाकटा वाजत होती. पण एका बाईनं नाव ठेवलं नाही.

दुपारी देवळात रांजणांचे तळ बघितले. शेंदराचं बोट वरल्या आळीच्या रांजणात होतं. तिसऱ्या प्रहराला खालल्या आळीचे बाप्ये झाडून सगळे ठकूच्या खोपटापुढं उभे. मागच्या वाटेनं नाही, पुढच्या. कुणाच्याही तोंडी बैल नव्हता.

आणि येसू? ती उन्हं माजघरात आल्यावर उठली, घाबरून जात्याकडं धावली, तर दळण तयार आणि सासरा पिठानं माखलेला. पाटलांनी तिच्या पायाकडं बघितलं. जोडवी तेलानं सैल झाली होती. ते म्हणाले, "पोरी, घट्ट करून घे ती. पडतील कुठंतरी." पुढच्या सुगीत येसूला मुलगी झाली. पाटलांनी हत्तीवरनं वाटावी तशी साखर वाटली आणि नाव ठेवलं ठकू.

ठकूआक्का मेली नाही, असं म्हणतात. ती खूप म्हातारी झाल्यावर एक दिवस बोकड उठला आणि डोंगर चढायला लागला, आणि ती त्याच्या मागनं गेली. परत कुणाला दिसली नाही. त्या कपारीत बोकडकांदा अजून उगवतो. पण एकटा बाप्या गेला तर त्याला नुसती माती लागते. बायकोला बरोबर घेऊन, तिला विचारून गेला, तरच कांदा हाताला लागतो.

आता घरोघर जाती फिरत नाहीत, गिरणी आली. तरी त्या पुनवेला कारवंडीची गिरणी बंद असते. आदल्या सांजेला देवळात एकच रांजण मांडतात आणि गावातला झाडून सगळा बाप्या ओगराळंभर काढा पितो, नवा नवरदेव असो की आजोबा. कुणी कुणाला विचारत नाही, आणि विचारलं तर कुणी लाजत नाही. पहाटे बाप्ये उठतात, दारामागचं जातं काढतात आणि दळायला बसतात. बायका निजून राहतात. जिला झोप येत नाही तीपण वाकळ डोक्यावरनं ओढून पडून राहते, आणि आतल्या आत हसते. कारवंडीत त्या दिवसापासून कुठल्याही बाईची जोडवी निघाली नाही. चार मुलखांतले लोक म्हणतात, पोरगी द्यायची तर कारवंडीला द्यावी.

कधी त्या बाजूला गेलात, उन्हं वर आली तरी एकपण बाई दारात दिसली नाही, आणि घराघरातनं अडखळत दळल्याचा आवाज यायला लागला, तर ओळखा पुनव कुठली ते. आणि पायातल्या वहाणा हातात घ्या. हळू बोला. ती झोपलीया.